टेबलावरची तोटी

लातूर, मंगळवार. भर वैशाख.

आज नगरपालिकेत शेजारच्या शांतामावशी आल्या. घरच्या नळाची तोटीच काढून आणली होती. ती माझ्या टेबलावर ठेवली.

"दोन महिने झाले, थेंब न्हाई. ही घ्या तोटी अन् पाणीपट्टी बंद करा."

मी म्हणालो, कागदावर नळ चालू आहे तोवर पट्टी लागणारच. नळ तोडायचा अर्ज द्या. बोलताना माझीच मला लाज वाटली. परवाच लातूरचा वेगळा जिल्हा झाला, हापिसाची पाटी नवी झाली, उत्तर जुनंच. पण दुसरं काय सांगणार होतो मी?

तोटी पितळेची, राखेनं घासून लख्ख केलेली. कोरड्या नळाची तोटी कोण घासतं?

अर्ज पुढे केला तशा मावशी दचकल्या. तोटी उचलून पदरात गुंडाळली.

"जाते बाबा. आत्ता पाणी आलं तर सगळं सांडून जाईल की!"