मूळ डिस्क घाला

३ मार्च, सायं. ७
जुना कॉम्प्युटर झाडूनपुसून सुरू केला. खेळावर क्लिक केलं. उत्तर नेहमीचंच: 'मूळ डिस्क घाला.' डिस्क धाकट्या भावाकडे. अकरा वर्षांपूर्वी घर सोडताना घेऊन गेला. डबा मात्र माझ्याकडे राहिला, आणि पंचवीस अक्षरांचा क्रमांक डब्यावर आहे. नव्या कॉम्प्युटरवर खेळ बसवायचा तर तो लागतोच. अकरा वर्षांत कॉम्प्युटर कोण बदलत नाही? म्हणजे त्याचं अडणार. म्हणजे फोन येणार. अनुमान निर्दोष आहे. आपण फोन करायचा नाही.

४ मार्च
फोन नाही. मीही केला नाही. निग्रह उत्तम.

७ मार्च
तेव्हा एक डिस्क, दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर. माझा खेळ सुरू झाला की धाकटा डिस्क काढून स्वतःच्या खोलीत पळायचा आणि भिंतीपलीकडून ओरडायचा, दादा, आलो रे! मग मी किल्ला बांधायचा, त्यानं पाडायचा.
नोंद केवळ तांत्रिक माहितीसाठी.

१० मार्च
त्या वेळी केलेली कॉपी सापडली. घातली. नकार. दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, काका, कंपनी मूळ डिस्कवर मुद्दाम काही जागा खराब ठेवते. खेळ आधी त्या खराब जागाच शोधतो. कॉपी करणारं मशीन त्या सुधारून टाकतं, म्हणून कॉपी पकडली जाते.
तीस वर्षं प्रूफं तपासून पोट भरतोय. चुका काढल्या म्हणून नकार, हे प्रथमच ऐकलं.
तसं एकदा झालं होतं म्हणा. घर सोडताना धाकट्यानं चिठ्ठी ठेवली होती. मी ती तपासून ताईबरोबर परत पाठवली. नऊ चुका, लाल शाईत, सुवाच्य. एवढं रागावण्यासारखं त्यात काय होतं, ते आजतागायत कळलेलं नाही.

११ मार्च
दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क मागणारी फाइलच बदलून देतो, पाच मिनिटांचं काम, मग डिस्क नको नि कटकट नको. साफ नाही म्हटलं. चोरी ती चोरी. शिवाय खेळानं डिस्क मागितलीच नाही तर... असो. तत्त्वाचा प्रश्न आहे.
वर विचारतो, काका, तुम्हाला नक्की खेळायचंय ना? उद्धट आहे.

१५ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, तू मोठा ना, मग लाव की फोन, तो काय खातोय तुला? मी म्हटलं, मोठा आहे म्हणूनच वाट बघतोय. ती म्हणाली, बघा, दोघांचे दात पडेपर्यंत बघा.

२२ मार्च
फोन नाही. डबा टेबलावर आणून ठेवला. ऐनवेळी धांदल नको. क्रमांकातला इंग्रजी बी आणि आठ सारखेच दिसतात. तीनदा मोठ्यानं वाचून सराव केला. उच्चार स्पष्ट येतात.

२८ मार्च
निर्णय. फोन मीच करणार. यात माघार नाही. हे निव्वळ तांत्रिक काम. मुद्दे लिहून काढले. ख्यालीखुशाली वर्ज्य. अंदाजे दीड मिनिट.

२९ मार्च
केला. दादा, बरा आहेस ना, म्हणाला. हे मुद्द्यांत नव्हतं. थोडा अडखळलो. डिस्कचं विचारलं. तो हसला. अरे, ती कधीच गेली, घर बदलताना. खेळ आता नेटवर सरळ विकत मिळतो की! ना डिस्क, ना नंबर. दोन वर्षं खेळतोय, ऑफिसातली चौघं असतो. तू अजून त्या डिस्कवरच?
मी म्हटलं, छे, मला कुठे वेळ.
चिठ्ठीचा राग गेला का, तेही विचारून टाकलं. कुठली चिठ्ठी, म्हणाला. मग दारात कोणीतरी आलंय म्हणाला. बोलू सावकाश, म्हणाला.
एकूण चार मिनिटं. अंदाजापेक्षा जास्त. समाधानकारक.

३० मार्च, सायं. ७
विकत घेतला. क्लिक केलं. लगेच सुरू झाला. काही मागितलं नाही, काही तपासलं नाही. दहा मिनिटांत हरलो. बंद केला.
आता ताई फोन करून विचारणार, काय म्हणाला रे? मी घरी नाही, असं कोणीतरी सांगायला हवं. कोणी सांगायचं, ते ठरत नाही.