मनोरीची पोर्फायरा

आई, तुझ्या त्या शेवाळाचा मला हेवा वाटायचा आणि त्याहून जास्त त्या मुलीचा, हे तुला कधी कळलं होतं का? ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. तू पार्ल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचीस आणि आपल्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या फळीवर, डाळी-तांदळाच्या डब्यांच्या शेजारी समुद्राच्या पाण्याच्या बरण्या असायच्या. त्यांत कालवांचे रिकामे शिंपले. पाहुण्यांना वाटायचं, काहीतरी लोणचं आहे. मला त्यांना हात लावायची बंदी होती, तिला नव्हती. ती विक्रोळीहून यायची, तुझ्या हाताखाली एम.एस्सी. करत होती. चपला काढता काढताच विचारायची, "बाई, आज काही दिसलं?" की तुम्ही दोघी बरण्यांशी. तू शिंपला खिडकीच्या उजेडाकडे धरून आतले गुलाबी डाग दाखवते आहेस, ती तुझ्या खांद्यावरून वाकून बघते आहे आणि मी मागे पोळ्या लाटते आहे.

"मलाही सांग ना," मी एकदा म्हटलं. तू सांगितलंस, खरं तर फार छान सांगितलंस. पावसाळ्यात हे शेवाळ, पोर्फायरा, खडकावर पान होऊन राहते. एकाच पेशीच्या जाडीचं, जांभळट तांबडं, कडेला चुण्या घातल्यासारखं. ओहोटीला उघडं पडलं की पतंगाच्या कागदासारखं कुरकुरीत होतं, लाट आली की पुन्हा मऊ. पाऊस सरला की पान विरून जातं, पण त्याआधी त्यातून सुटलेले बीजाणू शिंपल्यांत शिरतात आणि आत बारीक धागे होऊन पसरतात. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा तसेच. पावसाळा आला की त्या धाग्यांतून नवे बीजाणू सुटतात, खडकाला चिकटतात आणि पुन्हा पान. "पूर्वी लोकांना ही दोन वेगळीच शेवाळं वाटायची," तू म्हणालीस. तोंड मात्र तिच्याकडे करून.

म्हणून एका श्रावणात मी हट्टाने तुमच्याबरोबर मनोरीला आले. कॉमर्सच्या मुलीला शेवाळाशी काय घेणं, असं तू म्हणालीसही. मालाडहून बस, मार्व्याहून होडी, मग किनाऱ्याने चालणं. अमावस्येनंतरची सकाळची ओहोटी होती. वाळूत डांबराचे गोळे वाहून आले होते. अलीकडचे खडक सुरुंग लावून फोडून नेलेले, शेवटचा एक कातळ तेवढा शाबूत. "दरवर्षी जागा कमी होतेय बघ," तू तिला म्हणालीस. त्या कातळावर मी पहिल्यांदा ते पान पाहिलं. ओल्या रेशमाच्या चिंधीसारखं. सुंदर होतं आणि मला ते सुंदर वाटायला नको होतं.

मग ती लाट आली. तुझा पाय घसरला, तू दोन खडकांच्या मधे कंबरभर पाण्यात गेलीस. मी तुझ्या हाताच्या अंतरावर उभी होते, ती पार तिकडे, गोळा केलेल्या पानांचा डबा घेऊन. तू तिच्या नावाने हाक मारलीस. मीच तुला काखेत धरून वर ओढलं. पाणी ओसरलं तेव्हा तुझा पाय वेडावाकडा झालेला दिसला. ती धावत आली, तर तू तिला विचारतेस, "डबा सांडला नाही ना गं?"

पाय प्लास्टरमध्ये. अंथरुणावर तुझी आंघोळ, तुझी वेणी, सगळं मी केलं. रविवारी ती यायची आणि तुझा चेहरा उजळायचा. एकदा तुझे केस विंचरताना मी विचारलंच, "हाक तिलाच का मारलीस?"

"अगं, तिला पोहता येतं. तुला येतं का? तू उडी मारली असतीस तर दोघी गेलो असतो."

उत्तर अगदी बरोबर होतं. आजपर्यंत मला त्यात चूक सापडलेली नाही आणि आजपर्यंत त्याने माझं समाधान झालेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तू काठी घेऊन दारापर्यंतच. ती एकटी मनोरीला गेली आणि भिजून परत आली. "बाई, काहीच नाही. तो कातळही फोडला. एक पान नाही." तू तिचा हात धरून रडलीस. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. बाबा गेले तेव्हाही तू माझ्यासमोर रडली नव्हतीस. डोळे पुसून तू म्हणालीस, "खडकावर दिसत नाही म्हणजे गेली असं नाही. कुठल्यातरी शिंपल्यात असेल." त्यानंतर ती दर पावसाळ्यात शोधत राहिली. तू गेल्यावरही. आपल्या बरण्या मी तिलाच दिल्या. तिच्याकडेही त्यांतले धागे फार टिकले नाहीत.

ती आता प्राध्यापकीतून निवृत्त होऊन नागपूरला लेकाकडे असते. तिला दमा आहे, प्रवास झेपत नाही. गेल्या आठवड्यात, कशासाठी कोण जाणे, मी एकटीच मनोरीला गेले. फोडलेल्या कातळाच्या पलीकडे वळसा घालून, बसत, हात टेकत. समुद्राच्या बाजूला, माणसाचा सहसा पाय पडणार नाही अशा ठिकाणी तळहाताएवढी जागा होती. तिथे ती होती, आई. थोडीशीच पानं, चुण्या घातलेली. मी बोट लावलं आणि लाट येईपर्यंत तिथेच बसले.

काल तिचा फोन आला. "यंदा कुणाला दिसली का गं?" तिला कळलं तर ती दमा घेऊनही येईल, माणसं गोळा करेल, तो खडक वाचवायला जिवाचं रान करेल. हे मला पक्कं ठाऊक आहे. मी म्हटलं, "नाही गं."

म्हणून हा कागद कुणाच्या हाती पडू देणार नाही. तिला सांगायला हवं आणि पावसाळा संपायच्या आत सांगायला हवं. पण आणखी थोडे दिवस तुझी पोर्फायरा माझी एकटीची असू दे.