जाळी आमच्या खोलीत आहे

ती. आईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही शाबूत आहेत, तेच आधी लिहितो. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या खोलीतल्या दादांची बोटं मात्र कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. काम भराभर उरकावं म्हणून मुकादमानेच ती अपघाताच्या आधी काढायला लावली होती. भंगारात पडलेली पाहून मी ती खोलीवर आणली, कपडे वाळत घालायला. मोजे झकास वाळतात, पण ते असो.

आता मालक म्हणतो, जाळी मशीनवर होतीच, दादांनीच ती काढली, मग भरपाई कसली? उद्या सरकारी तपासनीस येणार. म्हणून मुकादम आज आमच्या दारात. "जाळी दे, बसवायची आहे. नाहीतर चोरीचा आळ घेईन तुझ्यावर."

मी म्हटलं, "ओले कपडे आहेत साहेब, वाळू द्या."

तो हसला नाही. "सकाळपर्यंत वाळव," म्हणाला.

हॉस्पिटलात दादांना विचारलं. "देऊन टाक रे, तुझी नोकरी जाईल," म्हणाले, आणि बांधलेला हात चादरीखाली सरकवला.

आई, उद्या ती जाळी मी तपासनिसासमोर नेऊन ठेवणार आणि कोणी काढायला लावली ते सगळ्यांदेखत सांगणार. कोणी फोन करून म्हणालं, तुमच्या पोराने जाळी चोरली, तर रडू नकोस. म्हण, नेली होती खरी, परत द्यायलाच गेलाय.

तुझा,
पायाला भिंगरीवाला