अकरा पानं पाठ

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येऊन महिना झाला. काम मिळालं ते इस्पितळाच्या धुलाईघरात. ओल्या चादरी दोन तापलेल्या रुळांमध्ये सोडायच्या, पलीकडून कोरड्या आणि कडक होऊन निघाल्या की घड्या घालायच्या. बोटं आत जाऊ नयेत म्हणून रुळांपुढे लोखंडी जाळी असते. वहिनीला सांग, दिवसभर वाफेत असते, माझ्याइतकी स्वच्छ बाई या गावात दुसरी नसेल.

बोलण्याचे मात्र वांधे. शेजारच्या यंत्रावरची बाई सारखी शिट्टी वाजवते, म्हणून मी तिला शिट्टीवाली म्हणते. ती एकेक वस्तू वर धरते आणि तिचं नाव घेते. चादर, बटण, बादली. मी चुकले की उशी फेकून मारते. असे सतरा शब्द जमले. तिनंही आपलं ‘अगं बाई’ उचललंय आणि ते ती मुकादमबाईंनासुद्धा ऐकवते! वर्गाला जायला मला ना वेळ, ना सुट्टी. तू जन्मभर सभा गाजवल्यास. आता तूच सांग, मुक्या बहिणीनं तोंड कसं उघडावं?

तुझ्या रागासकट लोभ असू दे.
तुझी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

मुकं माणूस म्हणजे मालकाच्या आवडीचं माणूस! जिथे घाम गाळायचा तिथली भाषा आली नाही, तर आपला घामही दुसऱ्याच्या नावावर जातो. वर्ग नसेल तर नसो. मी चार भाषा शिकलो त्या काय बाकावर बसून? रद्दीतल्या वर्तमानपत्रांवर शिकलो, भिंतीवरच्या जाहिरातींवर शिकलो, छापखान्यात खिळे जुळवताना शिकलो. मिळेल तो मजकूर घे, वळणदार अक्षरात दहादा उतरव आणि खडाखडा पाठ कर. अर्थ विचारत बसू नकोस. अर्थ मागून येतो.

नऊ वर्षांची असताना कारखान्याच्या फाटकापाशी खोक्यावर उभं राहून माझं अख्खं भाषण तू म्हटलं होतंस. तुला त्यातलं एक वाक्य कळत नव्हतं, आणि चारशे माणसं टाळ्या पिटत होती. विसरलीस?

वहिनी म्हणते, मी पत्रातसुद्धा टेबलावर मूठ आपटतो. शाईचा डाग त्याचाच आहे.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
दादा

६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. शिट्टीवालीचा उजवा हात रुळांत गेला, पार मनगटापर्यंत. यंत्र थांबेपर्यंत मी तिला कमरेला धरून ओढत होते. त्या दिवशी जाळी नव्हती. चादरी अडकतात म्हणून सकाळीच मुकादमबाईंनी पान्ह्यानं नट सोडवून ती काढून ठेवली होती. वाफेतून पाहिलं मी. दुपारी जाळी पुन्हा जागेवर होती. आता शिट्टीवाली त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर आहे. तिची चादर मीच इस्त्री करत असेन.

त्यातल्या त्यात बरं एवढंच की मुकादमबाई आता माझ्याशी फार मायेनं वागतात. रोज काम सुटलं की मला कचेरीत बोलावतात, स्वतःच्या खुर्चीवर बसवतात, बिस्किटं देतात, चार-पाच वाक्यं वाचून दाखवतात आणि ती बघून माझ्याकडून उतरवून घेतात. अगदी तुझीच पद्धत. पान भरलं की तपासायला म्हणून ठेवून घेतात. टपालही आता त्यांच्याच हातून मिळतं. तुझं मागचं पाकीट आधी फाडून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं. गोंद ओला होता.

आठवण ठेव, मीही ठेवते.
धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून रक्त उसळलं. स्वतः जाळी काढायची आणि मग बिस्किटं वाटायची! चौकशी होणारच, आणि पाहिलं ते तुला सांगावंच लागेल. त्यासाठी भाषा हवी. मग शीक तिच्याकडूनच! तिच्याच तोंडची भाषा घे आणि तिचं माप तिच्या पदरात घाल. लिहीत राहा, पाठ करत राहा.

वहिनीचं आपलं एक टुमणं आहे: तपासलेली पानं परत का येत नाहीत? मी म्हटलं, तू जरा गप्प बस, तुला शिकवण्याचं काय कळतंय. तेव्हापासून ती गप्प आहे, आणि ते काही मला सोसत नाही. तर एखादं पान आठवून मला पाठव. आमच्या गल्लीत एक म्हातारा आचारी आहे. वीस वर्षं जहाजावर होता. तिकडच्या बंदरात भांडून भांडून आणि डब्यांवरची नावं वाचून तो तुझी ती भाषा शिकला. त्याला दाखवतो.

पाठीशी असलेला,
दादा

२८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागच्या बाजूला अख्खा पाठ उतरवला आहे. कशातही न पाहता! रोज हीच वाक्यं, अशी अकरा पानं झाली. त्यातले ‘मी’, ‘जाळी’ आणि ‘हात’ तेवढे ओळखीचे आहेत. कामाचे नियम असावेत. खाली माझी सही करायची असते, तीही आता त्यांच्या लिपीत जमते.

वीस एप्रिलला सकाळी दहा वाजता चौकशीसाठी साहेब लोक येणार आहेत. मुकादमबाईंनी खुणांनी समजावलं, की तू फक्त उभं राहायचं आणि पाठ म्हणून दाखवायचा. त्या माझ्या शेजारी बसणार आहेत. रोज म्हणून घेतात. परवा एका जागी अडखळले, तर त्यांनी माझा दंड धरला. अजून दुखतोय.

वहिनीला म्हणावं, रुसू नकोस.
धाकटी

८ एप्रिल

धाकटे,

आज मायना सुचत नाही.

आचाऱ्यानं पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मला बसायला सांगितलं. म्हणाला, हा कबुलीजबाब आहे. त्यात असं आहे: त्या दिवशी जाळी मी काढली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मुकादमबाईंनी दोनदा बजावूनही मी ऐकलं नाही. माझ्यामुळे शेजारच्या बाईचा हात गेला.

अकरा वेळा लिहिलंस. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं. याला तिकडे तुरुंग आहे, असं तो म्हणतो.

तार केली असती, पण ती त्यांच्या लिपीत जाणार आणि आधी त्या बाईच्या हाती पडणार. आपली अक्षरं तिला वाचता येत नाहीत. एवढाच काय तो आपला आडोसा. हे पत्र वाचताना चेहरा हलू देऊ नकोस.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की न वाचता अंगठा उठवू नका. आणि घरातल्या पोरीला शिकवलं ते हे. वहिनीनं विचारलं होतं. मी तिला गप्प केलं.

तो पाठ म्हणू नकोस. मोडकंतोडकं बोल, पण तुझं बोल.

दादा

१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र परवा मिळालं. मुकादमबाई समोरच उभ्या होत्या. भावानं काय लिहिलंय, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी पोटावर हात फिरवून हसले. जेवण वेळेवर घे म्हणतो, असं दाखवलं. त्याही हसल्या.

काल चादरींची गाडी ढकलत वरच्या मजल्यावर गेले. शिट्टीवाली आता शिट्टी वाजवत नाही. मी हवेत पान्हा फिरवून दाखवला आणि भुवया उडवल्या. तिनं डाव्या हातानं तसाच पान्हा फिरवला आणि शब्द सांगितला. डोळ्यांवर बोट ठेवून ‘पाहिलं’ सांगितलं. दाराकडे बोट करून ‘ती’ सांगितलं. ‘सकाळ’साठी खिडकीचा पडदा सारला. मी चुकले तेव्हा तिनं उशीकडे हात नेला, पण तो बांधलेला हात होता. मग तीच म्हणाली, अगं बाई.

म्हणजे जुने-नवे मिळून उद्या बोलायला एकूण नऊ शब्द. कुठेही उतरवलेले नाहीत. प्रत्येकाचा अर्थ आधी कळला आणि मग तो तोंडात आला.

आज संध्याकाळी मुकादमबाईंनी शेवटचा पाठ घेतला. मी न अडखळता म्हटला. त्यांनी पाठ थोपटली. अकरा पानं लोखंडी कपाटातून काढून त्यांनी त्यांच्या पिशवीत ठेवली, उद्यासाठी.

दादा, खोक्यावर उभी होते तेव्हा मला भीती वाटली नव्हती, कारण शब्द तुझे होते. उद्याचे शब्द माझे आहेत. वहिनीची माफी मागितलीस का?

दारावर थाप पडली. उद्या काय नेसणार ते पाहायला त्या आल्या आहेत. हे पाकीटही त्यांच्याच हाती द्यायचं आहे, हसून. तुला मिळेल तेव्हा ते दहा वाजून दहा दिवस झाले असतील. तरी लोभ त्याच वेळेवर ठेव.

तुझी,
धाकटी