कॉर्पोरलच्या दोन पट्ट्या

४ नोव्हेंबर
स्लावकोव्हच्या लढाईला सव्वीस दिवस उरले. म्हणजे आम्ही हौशी लोक जुने गणवेश घालून, गोळीविना नुसत्या दारूचे बार काढून दरवर्षी लढतो तिला; खरी दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेली. यंदा कॅप्टन बोहदाल नवा कॉर्पोरल नेमणार. (एरवी दातांचा डॉक्टर, पण मैदानावर माणूस बरा.) माझ्याशिवाय आहे कोण? अख्ख्या पलटणीच्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुकांना चामड्याची टोपणं मी शिवली. बंदुकीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, साफ करायच्या सुया माझ्याच. निश्चय: रोज अंगणात कवायत.

५ नोव्हेंबर
कवायत झाली, वीस वेळा. चांगल्या गारगोटीची धार जाऊ नये म्हणून बंदुकीच्या घोड्यात लाकडी गारगोटी बसवतो. ठिणगी पडत नाही, पण हात तयार होतो. इव्हाना म्हणाली, अहो, शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे दिवसभर कसली खुटखुट चालते. बायकोलाच कदर नाही, शेजारणीला कुठून असणार.

६ नोव्हेंबर
पाऊस. कवायत नाही.

७ नोव्हेंबर
पाऊस थांबला. पण अंगण ओलं.

११ नोव्हेंबर
सेंट मार्टिनचा सण. भाजलेला हंस, लाल कोबी, डम्पलिंग. भरल्या पोटी कवायत प्रकृतीला वाईट.

१५ नोव्हेंबर
फ्रान्सहून गारगोट्या आल्या. मधाच्या रंगाच्या. ब्लांकाला दाखवल्या. माझी मुलगी, रांगेत माझ्या डावीकडे उभी असते. म्हणाली, बाबा, दगड झकास आहे, पण तुम्ही आधी कान तपासून घ्या, परवा सरावात तीन हुकूम तुम्हाला ऐकूच आले नाहीत. हल्ली सगळेच पुटपुटतात आणि खापर माझ्या कानांवर.

२२ नोव्हेंबर
इव्हानाकडून बाहीवर कॉर्पोरलच्या दोन पट्ट्या शिवून घेतल्या. आधी नेमणूक तर होऊ द्या, म्हणाली. म्हटलं, ऐनवेळी मैदानात सुईदोरा शोधत बसू? तोवर वरून ओव्हरकोट घालीन.

२९ नोव्हेंबर
उद्या. बेकर झोऊहारही उमेदवार आहे म्हणे. गेल्या वर्षी बंदुकीत दारू ठासायचा गज घरी विसरून आलेला माणूस. विसराळूपणाला पलटणीत जागा नाही, असं बोहदालला फोनवर दोनदा बजावलं.
 

३० नोव्हेंबर, सकाळी ८
मैदानात धुकं, चिखल. तपासणीत माझी ठिणगी पहिल्याच खटक्याला. बोहदाल म्हणाला, व्हिलेमराव, असला दगड काचेच्या कपाटात ठेवा. झोऊहारची तिसऱ्या खेपेला पडली. मी नुसता खाकरलो.

१०:३०
लढाई दोनला. आधी गावच्या पाहुण्यांसमोर कवायत. तिथे फ्रेंच दगड कशाला झिजवायचा? लाकडी बसवली, खरी रुमालात गुंडाळून खिशात. लढाईआधी बदलायची. लिहूनच ठेवलं, म्हणजे विसरायचा प्रश्न मिटला.

१:१५
गरम वाईन. सॉसेज. पुन्हा गरम वाईन. कॉर्पोरल झाल्यावर दोन शब्द बोलावे लागतील, ते पाठ करतोय.

४:१०
सहा फैरी झाडल्या. जमीन हादरत होती. माझी बंदूक मात्र खांद्याला धक्का म्हणून देत नाही; माझ्या तेलपाण्याची करामत. धुरात ब्लांका दोनतीनदा काहीतरी ओरडली. कानात कापसाचे बोळे होते. उत्साहात असेल. एकदा तर माझ्या घोड्यावर हातच ठेवला, मी झटकला. रांगेत शिस्त हवी.
आता सार्जंट प्रत्येकाच्या नळीत गज सोडून बघतोय. नळी रिकामी असली की टण् वाजतं. नऊ माणसांनंतर मी. मग नेमणूक. ओव्हरकोटाची बटणं सोडून ठेवलीत.

५:००
माझा गज वाजला नाही. वीतभर बाहेरच राहिला.
नळीत सहाच्या सहा बार, न उडालेले. घोड्यात लाकडी गारगोटी. खरी खिशात, रुमालात.
सार्जंट एवढंच म्हणाला, व्हिलेमराव, हात बाजूला. बंदूक दोन्ही हातांनी धरून लांब नेली आणि नळीत पाणी ओतलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. झोऊहारने मला बसायला स्टूल दिलं.
ब्लांका ओरडत होती ते हे, की बाबा, तुमची उडत नाहीये, भरू नका. तिच्या बंदुकीची एक ठिणगी माझ्या रंजकावर, म्हणजे बंदुकीच्या कानाजवळच्या दारूवर, पडली असती, तर नळी आमच्या दोघांच्या मध्ये फुटली असती.  ओव्हरकोटाची बटणं परत लावली.

२ डिसेंबर
बोहदालचा फोन आला. कान तपासल्याखेरीज बंदूक नाही. तोवर मी पलटणीसाठी पाण्याच्या बादल्या वाहायच्या. कॉर्पोरल ब्लांका. हे सगळं नीट ऐकू आलं.
दुपारभर पट्ट्या उसवत बसलो. टाके फार पक्के. इव्हाना समोरच बसली होती, तिने कात्री पुढे केली.
संध्याकाळी ब्लांका आली. पट्ट्या तिच्या हातात दिल्या. कोट चढवता चढवता, पाठमोरी, काहीतरी बोलली. सवयीने म्हटलं, ऐकलं.
मग म्हटलं, नाही ऐकू आलं.
ती वळली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि परत म्हणाली, गुरुवारी नऊला, कानाच्या डॉक्टरकडे, मी गाडी घेऊन येते.