अ‍ॅम्प्लिफायरची तपासणी

३ फेब्रुवारी, सोमवार

नवा अ‍ॅम्प्लिफायर आला. दुकानदार स्वतः जोडून गेला. खोक्यावर वजन दहा किलो लिहिलं आहे, प्रत्यक्षात साडेनऊ भरलं. खोक्यासकट धरलं तर बरोबर. जुना काढून पलंगाखाली ठेवला. अर्धा दिवस रजा.

खरेदीचं कारण इथे लिहून ठेवतो, कारण लोक भलते अर्थ काढतात. जुन्यात गुणगुण होती. बाकी काही नाही. ही जाऊन पाच महिने झाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मुलीला फोनवर हेच सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा, मी कुठे काय म्हटलं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी पद्धतशीर करायची ठरवली. वजनमापं खात्यात अठ्ठावीस वर्षं हेच करतो आहे. एक प्रमाण वजन घ्यायचं आणि तेच प्रत्येक काट्यावर ठेवायचं. इथे प्रमाण वजन म्हणजे एक कॅसेट. बासरीची. बावीस वर्षांपूर्वी मित्राची रेकॉर्ड आणून भरून घेतली होती. जोडायला वायर नव्हती म्हणून स्पीकरसमोर माइक ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या बाजूला, अकराव्या मिनिटाला, स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला आहे.

'अहो' स्पष्ट आहे. मग 'छान'. मग गुणगुणीत बुडालेलं काहीतरी, त्याच्या शेवटी '-तेय' किंवा '-तंय'. माझ्या मते 'मन रमतंय' असावं. ही एरवी असं बोलत नसे, पण बासरी चालू होती.

माझ्या सिस्टीमबद्दल हिने चांगलं बोलल्याचा हा एकच पुरावा आहे. कॅसेट त्यासाठी निवडलेली नाही. आवाज बारीक आहे, म्हणून तपासणीला सोयीची.

निकाल: गुणगुण गेली. 'छान'च्या पुढचं तरीही लागलं नाही. नवं यंत्र रुळायला वेळ लागतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, साहेब, खुर्ची मधोमध हवी. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा त्रिकोण व्हायला हवा.

मधोमध आमच्याकडे कुणाचीच खुर्ची नाही. डावीकडे माझी, उजवीकडे हिची, मध्ये टीपॉय. तेव्हा खुर्च्या न हलवता दोन्ही स्पीकर डावीकडे सरकवले. एक दाराआड आला. दार आता अर्धंच उघडतं. मी तसा सडपातळ आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आणि जावई आले. मुलगी हिचं कपाट आवरायला चार मोठ्या पिशव्या घेऊन आली होती. तिला नीट समजावलं. ते कपाट स्पीकरच्या समोरच्या भिंतीला आहे. कपडे आवाज शोषून घेतात, म्हणून खोली घुमत नाही. तपासणी चालू असताना कपाट रिकामं केलं तर सगळी मापं चुकतील.

म्हणाली, बाबा, कपाटाचं दार तर बंद असतं.

मी म्हटलं, उघडं ठेवणारच होतो. ठेवलं. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. आणखीही एक येतो. त्याने आवाजावर परिणाम होत नाही.

जावयाने दोन मिनिटं ऐकलं. म्हणाला, मस्त, बेस एकदम खणखणीत. बेस खणखणीत नसतो. हे समजावेपर्यंत तो फोन कानाला लावून गॅलरीत गेला.

जाताना मुलगी म्हणाली, आईला तुमच्या सिस्टीमचं एकच बटण ठाऊक होतं. कुठलं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी कपाट. नक्की.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॅसेट पाच वेळा लावली. आवाज दहापैकी आठवर. पूर्वी सहावर असला तरी खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई छताला झाडूचा दांडा ठोकायच्या. मग ही खाली जाऊन काहीतरी बोलून यायची. पाच महिन्यांत दांडा एकदाही वाजला नाही. उत्तम अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मोठा असूनही त्रास देत नाही, हे यावरून सिद्ध होतं. अ‍ॅम्प्लिफायर येऊन नऊच दिवस झाले आहेत, पण तरी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तपासणीच्या नादात दूध उतू गेलं. शेगडीच्या वर हिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे. 'उकळी आली की गॅस लहान करणे.' मी 'कमी करणे' म्हणतो. लहान-मोठं हे काही माप नव्हे. गॅस काय, पंखा काय, आवाज काय, ही सगळं लहान-मोठं करायची. यावर आमचं लग्नानंतर लगेच बोलणं झालं होतं. चिठ्ठी नंतरची आहे.

शेगडी पुसली. चिठ्ठी राहू दिली. काढली तर भिंतीचा रंग निघेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाड वायर आणली. दोन्ही स्पीकरना नवी जोडली. फरक जाणवतो. पुढचं लागत नाही, पण फरक जाणवतो.

मुलगी आली. पिशव्या गेल्या रविवारपासून इथेच आहेत. स्वयंपाकघरातून ओरडली, अहो बाबा, तीच ओळ किती वेळा! बासरीला ओळ नसते. मग बाहेर येऊन हिच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, आहे तरी काय त्या कॅसेटवर? मी म्हटलं, बासरी. म्हणाली, ते कळलं हो.

कपाटाला हात लावला नाही. नव्या वायरची मापं व्हायची आहेत. पुढच्या रविवारी कुठलीही सबब चालणार नाही, असं मीच तिला बजावलं. तिने मान हलवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसच्या कामाने बाजारात फेरी. एका किराणा दुकानात पाच किलोचं वजन चाळीस ग्रॅम कमी भरलं. दुकानदार म्हणाला, साहेब, वीस वर्षं हेच वजन वापरतोय, आजवर कुणी काही बोललं नाही. मी सांगितलं, वीस वर्षं चुकलेलं असलं तरी चुकलेलंच. वजन जप्त केलं. त्याचा चेहरा पडला. लोकांना स्वतःच्या वजनावर फार विश्वास असतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जिन्यात शिक्षिकाबाई भेटल्या. म्हणाल्या, भाऊ, राग मानू नका, पण वह्या तपासायला बसले की ती बासरी तिथेच थांबते आणि पुन्हा मागे जाते. परवा एका पोराची बेरीज मी तीनदा केली, तीन उत्तरं आली.

मी म्हटलं, मग नेहमीसारखा दांडा वाजवायचा होता.

म्हणाल्या, कसा वाजवणार? वहिनींचा आवाज आहे ना त्यात? खाली ऐकू येतो. हात उचलत नाही माझा.

मग त्यांनीच विचारलं, काय म्हणतायत हो त्या?

मी म्हटलं, छान म्हणतेय.

त्या एक पायरी उतरल्या, मग थांबल्या. म्हणाल्या, असेल बाई.

त्यांचा सूर मला आवडला नाही. खाली नीट ऐकू येत नसणार. मध्ये स्लॅब आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुकानदाराला बोलावून घेतलं. अ‍ॅम्प्लिफायर सदोष आहे, बदलून द्या, असं स्पष्ट सांगितलं. त्याने अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलंही नाही. कॅसेटच्या डेकचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि मला दाखवलं. बोट काळं.

म्हणाला, साहेब, हेड शेवटचं कधी पुसलं होतं?

डेकवरची धूळ ही पुसायची. आतलं पुसायचं असतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, अलीकडे पुसलेलं नाही.

त्याने खिशातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. पुसता पुसता म्हणाला, अ‍ॅम्प्लिफायर बिचारा काय करणार? त्याला जे देऊ ते तो मोठं करतो.

मी म्हटलं, कल्पना आहे.

लावून बघा म्हणाला. मी लावली नाही. शेवटचं माप मी एकटा असताना घेतो. त्याला चहा दिला आणि पाठवलं. तो अर्ध्या दारातून आडवा होऊन गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सव्वासात

मुलगी दहाला येणार आहे. आज तिला 'छान' पुढचं ऐकवेन आणि मग कपाट आवरू, असं ठरवलं होतं.

दुसरी बाजू, अकरावं मिनिट. आवाज आठवर. स्पष्ट लागलं.

'अहो, लहान करा. मघापासून हाक मारतेय.'

टेप संथ फिरत असेल असं वाटलं. घड्याळ लावून पाहिलं. टेप बरोबर आहे. पुन्हा लावली. एकूण सात वेळा. सातही वेळा 'लहान'.

मग तिथून पुढची सगळी बाजू ऐकली. हिच्या बोलण्यानंतर बासरीचा आवाज कमी झालेला नाही. शेवटपर्यंत तेवढाच आहे. म्हणजे मी उठलो नव्हतो.

अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे. तपासणी पूर्ण.

कॅसेट परत मागे नेली आणि खुर्चीत बसलो. अकराव्या मिनिटाला ही बोलली. उठलो आणि आवाज लहान केला.