दिल्ली ते भातकुली, उंबरठ्यापासून

बाबा, तुम्ही गेलात त्या दिवशी मी घरच्यांना पोचायची एक वेळ सांगितली होती, ती खोटी होती. सोळा वर्षं झाली. डायरीत ऊन-पावसापासून सगळं लिहिते, हे लिहिलं नव्हतं.

भातकुलीच्या शाळेत भूगोल शिकवणारे तुम्ही विमानात कधी बसला नाहीत. तरी मी दहावीत असताना शाळेचा पृथ्वीगोल घरी आणलात. आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही चुलीजवळ बसून दिल्लीपासून नागपूरपर्यंत दोरा ताणता आहात. दोरा पट्टीवर ठेवला, प्रमाणाने गुणलं, साडेआठशे किलोमीटर आले. विमानाचा वेग तासाला आठशे धरून मी ऐटीत म्हणाले, "तास, सव्वा तास." तुम्ही चिडलात. "माणूस इमानतळावर राह्यते का? घरून मोज. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत!" आई तिकडून म्हणाली, "चुलीपासून ताटापर्यंत किती येळ लागते तेबी मोजा, अन् जेवाले या."

तुम्ही गेलात तेव्हा मी दिल्लीत शेतीप्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते. सकाळी सातला चुलतभावाचा फोन आला. "ताई, काका गेले वं. कवा पोचशीन? दिवस मावळाच्या आत माती द्या लागते. तवरोक थांबतो आमी." मी कागद घेतला. साडेदहाचं विमान होतं, जागा आहे हेही मी विचारून घेतलं. हवेत दीड तास, नागपूरहून भातकुली गाडीने चार. चार वाजता मी अंगणात असते. मग तुमच्याच शिकवणीने पुन्हा मोजायला बसले. सामान मिळायला तास, गाडी ठरवायला तास, अमरावतीजवळ ट्रकांची रांग असेलच. असं वाढवत वाढवत सात वाजवले आणि भावाला कळवलं, "सात होतील. थांबू नका." त्याने उलटून विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता तो कुणाला तरी सांगत होता, "मास्तरची पोरगी हाय, तिचा हिसाब चुकत नाई." अकोल्याची आत्या एसटी बदलत बदलत वेळेवर पोचली, हे मला नंतर कळलं.

त्या दुपारी मला दिल्लीतल्या मोठ्या लोकांसमोर वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या हालांवर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. ती वर्षंच तशी होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते, घरं गाव सोडत होती. तुमच्या शाळेतले बाक रिकामे होत होते, आणि माझ्या कामाला किंमत आली होती ती त्यामुळेच. आपल्याच माणसांसाठी थांबते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. माझी पाळी चारच्या सुमारास आली. शेवटी सगळे उठून उभे राहिले, टाळ्या बराच वेळ चालल्या. भाषण चांगलं झालं, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत आले. आईलाही.

हे भावाला दाखवायचं धाडस माझ्यात नाही, वही कपाटात जाईल. पण एवढं लिहून ठेवते. ते भाषणासाठी उठले नव्हते. बोलायला उभी राहिले तेव्हा माझं पहिलंच वाक्य होतं, आज सकाळी माझे वडील गेले, तरी मी इथे आले आहे.